पाहुण्यांना गाव दाखवताना

आमच्या गावाची एक गंमत आहे. कुठून कुठून लोक इथली लेणी बघायला येतात, आणि इथला माणूस घरी पाहुणा आल्याशिवाय लेण्यांकडे फिरकत नाही. माझ्या शेजारच्या बाईंचा सारा जन्म संभाजीनगरात गेला. त्यांना विचारलं, वेरूळला कधी गेला होतात, तर म्हणतात, "अहो, बऱ्याच दिवसांत आमच्याकडे कुणी आलंच नाही." एकटाच माणूस मकबऱ्याच्या बागेत बसलेला दिसला, तर ओळखीचे लोक लांबूनच ठरवतात की याचं घरी वाजलंय.

मी लग्न केलं नाही. का केलं नाही, ही हकिकत लांबलचक आहे आणि फारशी मजेदारही नाही. सरकारी कचेरीत कारकुनी केली, हडकोत दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि संसाराची हौस सगळी पाहुण्यांवर भागवली. पाहुणेही भरपूर असायचे. एकटा माणूस, घरात कुणाची अडचण नाही, त्यात गाव बघण्यासारखं. चुलत, मावस, आते, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे जावई, सगळे माझ्याकडे उतरून गेले. काहींची तर नावंही मला निघायच्या दिवशी नीट कळली.

या सगळ्यांसाठी मी एक कार्यक्रम बसवला होता आणि त्यात कुणाची ढवळाढवळ मला खपायची नाही. पहिल्या दिवशी गावातलं: पाणचक्की, मकबरा, मग बायकांना शहागंजात सोडायचं आणि पुरुषांनी पिशव्या धरून उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी दौलताबाद, कारण उन्हं चढल्यावर किल्ला चढणारा माणूस वर पोचतो तो बघायला नव्हे, धापा टाकायला. तिथून खुलताबाद, भद्रा मारुतीला नमस्कार. दुपारी वेरूळ. आणि परत येताना कितीही दमलेले असोत, संध्याकाळी हर्सूलचा तलाव. लोक कुरकुरायचे. "लेणी बघितल्यावर आता तळं काय बघायचं?" मी म्हणायचो, दिवसभर दगड बघितलेत, आता थोडं पाणी बघा, नाही तर रात्री झोप लागणार नाही. पाळीवर बसून शेंगा खाल्ल्या की कुरकुर बंद व्हायची.

सगळ्यांत हक्काची पाहुणी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती नागपूरला दिलेली. आईवडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे माझ्या दोन खोल्या. दर उन्हाळ्यात ती लेकीला घेऊन यायची आणि आल्या आल्या माझे डबे उघडून नाकं मुरडायची. भाचीला मी हा सगळा कार्यक्रम इतक्या वेळा करवला की दौलताबादच्या अंधाऱ्या वाटेत ती माझं बोट सोडून पुढे धावायची. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर भाचीचे फोन आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग सणावारी यायला लागले. यात तिचा दोष काढण्यात अर्थ नाही. तिला नोकरी आहे, नवरा आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. पण आईचा दुवा तुटला की मामा किती लवकर लांबचा नातेवाईक होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

बाकीचे पाहुणेही आटलेच होते. आता समृद्धी महामार्गानं लोक आपल्या गाडीनं येतात, हॉटेलात उतरतात, फोनला रस्ता विचारतात. मला कुणी काही विचारत नाही. गाद्या मात्र मी दर उन्हाळ्यात गच्चीवर वाळवतो. शेजारच्या बाई विचारतात, "कोण येणार आहे?" मी म्हणतो, "ढेकूण." आमच्यात हा विनोद बरीच वर्षं चालू आहे.

तर या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी चहा घेता घेता मी फोनवर लोकांची स्टेटस बघत होतो. आमच्या वयात तोच पेपर. भाचीचं स्टेटस उघडलं तर समोर दौलताबादचा चांदमिनार, आणि त्याच्यापुढे तिची लेक दोन्ही हात पसरून उभी.

मला इतका आनंद झाला की कप तसाच ठेवून मी उठलो. आली! मामाला न कळवता आली, म्हणजे अचानक दारात उभं राहायचा बेत असणार. आईचाच स्वभाव. मी गाद्यांना धुतलेल्या खोळी घातल्या, शहागंजात जाऊन इमरती आणली, आणि वरणाला डाळ भिजत घालून तयार राहिलो. दुपारी दुसरा फोटो आला, भद्रा मारुतीचा. मग कैलास लेण्याचा, हत्तीशेजारी तिघांचा. फोन मात्र वाजला नाही. आदल्या दिवशीचे फोटोही मग मला दिसले, ते मी बघायचे राहिले होते. पाणचक्की, मकबरा, शहागंजातल्या बांगड्या. म्हणजे कालपासून ती गावात होती. रात्र तिनं याच गावात दुसरीकडे काढली होती.

आधी मला आला तो संताप. कार्यक्रम माझा, क्रमसुद्धा माझा, आणि मीच वगळलेला! लग्नाची सगळी तयारी करून घ्यावी आणि पंगतीला बोलावू नये, तसं झालं. मग संताप ओसरला आणि खरं काय ते राहिलं. मला वाईट वाटलं होतं. फार वाईट वाटलं होतं. शेंद्र्याच्या कारखान्यात सकाळपाळी करून आलेले वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जिन्यात भेटले, "काय काका, पाहुणे का? इमरतीचा वास येतोय," म्हणाले. मी "हो" म्हणून दार लावून घेतलं.

फोन मीही करू शकलो असतो. पण मग ती म्हणाली असती, "अरे मामा, तुलाच करणार होते," आणि मला ते खोटं तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. शिवाय मला ती बोलावून यायला नको होती. आपणहून यायला हवी होती. दारातल्या चपला दिसायला हव्या होत्या. दुसरं काही नको होतं मला.

चार वाजून गेल्यावर मात्र राहवेना. वेरूळ झालं, म्हणजे आता तलाव. कार्यक्रम माझाच असल्यामुळे पत्ता शोधायची गरज नव्हती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आपण तर रोजच तिकडे फिरायला जातो अशी स्वतःची समजूत घालत हर्सूलला गेलो. रोज जात नाही. गुडघे दुखतात.

रविवार असल्यानं पाळीवर गर्दी होती. मी एका लिंबाखालच्या बाकावर बसलो, आणि बसतो न बसतो तोच मागून भाचीचा आवाज आला. आवाज थेट तिच्या आईचा. झाडाच्या पलीकडून ती, जावई आणि लेक पाण्याकडे उतरत होते. मी त्यांना दिसत नव्हतो.

ती लेकीला सांगत होती, "हे पान इथं पाण्यात टाक. खालून नहर आहे. उद्या सकाळी बरोबर पाणचक्कीच्या हौदात निघतं."

ही थाप माझी आहे. पाणचक्कीला पाणी हर्सूलकडूनच जमिनीखालच्या नळांनी येतं एवढं खरं, पण तलावात टाकलेलं पान तिथं निघणं शक्य नाही. भाची लहान असताना मी तिला पिंपळाच्या पानावर लाल शाईनं तिचं नाव लिहून इथं सोडायला लावायचो, आणि दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं पान खिशातून नेऊन तिची नजर चुकवून हौदात टाकायचो. तिच्या आनंदाला मग गाव अपुरं पडायचं. तिला हे कधी कळलं, कळलं का, मला माहीत नाही.

"तुला कुणी सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"माझ्या मामानं."

"ते कुठं राहतात?"

"इथंच. जवळच."

"मग आपण त्यांच्याकडे जायचं?"

मी बाकाची कड धरून बसलो होतो. जावई म्हणाले, "बघ बाई, तूच ठरव. रात्री पोचायला हवं, उद्या ऑफिस आहे." त्यांच्या बोलण्यात अढी नव्हती. भाचीनं लेकीचा स्वेटर नीट केला. मग म्हणाली, "नको. तो मग निघू देत नाही रे. चपला लपवतो, जेवूनच जा म्हणतो, राहाच म्हणतो. आणि निघताना त्याचं तोंड बघवत नाही मला. आई होती तेव्हा ती सांभाळून घ्यायची. मला नाही जमत."

मला वाटत होतं, ही मला विसरली. तसं नव्हतं. विसरली असती तर परवडलं असतं. मी पाहुण्यांच्या चपला लपवायचो ते लाडानं, आणि सगळे हसायचे. हसून झाल्यावर त्यांना बसच्या मागे धावायला लागायचं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी उठून घराकडे निघणार होतो, पण गुडघ्यानं घात केला. मी झाडाला धरून उभा राहतोय तोवर ती वर चढून आली आणि समोरासमोर झाली.

"मामा!" तिचा चेहरा पांढरा पडला. "तू... अरे, आम्ही आत्ता तुलाच फोन..."

तिला ते वाक्य पुरं करावं लागू नये, असं मला मनापासून वाटलं. "अगं, तू कधी आलीस?" मी मोठ्यानं म्हणालो. "आणि कळवलं नाहीस ते बरं केलंस बाई. माझ्याकडे कालपासून पाहुणे आहेत. घरात पाय ठेवायला जागा नाही."

"पाहुणे? कोण?"

पाळीवर थोडं पुढे सतरंजी टाकून एक कुटुंब जेवत होतं. नवरा, बायको, एक म्हातारी, आणि शहागंजातल्या दुकानांच्या फुगलेल्या पिशव्या; कानावर पडणारं बोलणं सिल्लोडकडचं. मी तिकडे हात केला. "ते काय. सिल्लोडचे. कचेरीतल्या दोस्ताच्या घरचे. वेरूळ करून आणलं, आता तलाव."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो उतरताना मी बघितला. तिघांनी वाकून नमस्कार केला. लेक म्हणाली, "आजोबा, मी पान टाकलंय, पण उद्या आम्ही नसणार."

"मी जाऊन बघतो ना," मी म्हणालो.

भाची हात धरून उभी राहिली. "मामा, पुढच्या वेळी नक्की राहायला येईन." तिचे डोळे भरले होते. एरवी मी म्हणालो असतो, पुढची वेळ कशाला, आजच राहा. मी म्हणालो, "निघा आता. अंधारात गाडी नको चालवायला. आणि माझेही लोक खोळंबलेत."

ती गाडीपाशी जाऊन वळून बघायला लागली. आता मला त्या सतरंजीकडे जाणं भाग होतं. मी गेलो आणि त्या बाईंना हळूच म्हणालो, "ताई, दोन मिनिटं इथं बसू का? लांबून माझी भाची बघतेय. तुम्ही माझे पाहुणे आहात असं सांगितलंय तिला."

सिल्लोडकडच्या माणसाला अशा गोष्टी दोनदा सांगाव्या लागत नाहीत. बाईंनी सरकून जागा केली. "बसा की काका, त्यात काय इचारायचं? भाकर घ्या." म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून गाडीकडे पाहिलं. "लई गोड हाय व पोर. मंग तिला बी बोलवा ना हिकडं."

"तिला लांब जायचंय."

मी भाकरीचा तुकडा मोडला, ठेचा लावला, आणि गाडीकडे बघून हात हलवला. माझ्याबरोबर सतरंजीवरच्या सगळ्यांनी हात हलवला. गाडी जळगाव रोडला लागून दिसेनाशी झाली.

"गेली का?" म्हातारीनं विचारलं.

"गेली."

मग बाईंनी विचारलं, लग्नाचं कापड कुठं स्वस्त मिळतं, आम्हाला तर शहागंजात लुटलं. मी त्यांना दुकानं सांगितली. त्या आधी कधी इथं थांबल्या नव्हत्या, म्हणून तलाव केव्हाचा, पाणी कुठं जातं, उन्हाळ्यात किती उरतं, तेही सांगितलं. नवरा कौतुकानं ऐकत होता. बऱ्याच दिवसांनी मी कुणाला तरी गाव दाखवत होतो आणि मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

उजेड कमी व्हायला लागला. त्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं डबे भरायला घेतले. "चला काका, आमाला बी सिल्लोड गाठायचंय. म्हातारीला थंडी सोसत नाय."

घर इथून जवळ आहे, इमरती आणलेली आहे, चहा तरी घेऊन जा, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

मी उठलो आणि सतरंजीची पलीकडची दोन टोकं धरली. घडी घालायला दोन माणसं लागतात.