साहेबांच्या माशांना देवी आल्या

लातूर शहराला रेल्वेने पाणी यायचं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं तालुक्याचं गाव रुळापासून लांब, त्यामुळे आमच्याकडे टँकर यायचा, तोही मनात आलं तर. पण गावात तेव्हा पाण्यापेक्षा जास्त चर्चा जिल्ह्याची होती. आमचा तालुका आता जिल्हा होणार, असं चहाच्या टपरीपासून कोर्टापर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. फक्त सरकारला सांगायचं राहिलं होतं.

तालुक्याच्या एका मोठ्या कचेरीतल्या साहेबांनी तर तयारीच सुरू केली. जिल्ह्याच्या साहेबाला शोभेल अशी केबिन हवी म्हणून आधी फिरती खुर्ची आली, मग गालिचा आला आणि शेवटी हैदराबादहून काचेची टाकी आली. तीही साधी नाही, समुद्राच्या माशांची. पाण्यात खास पुडीतलं मीठ कालवायचं, खाली दगड आणि वर निळा दिवा. त्यात पाच मासे. टँकरचा अर्ज घेऊन आलेली माणसं त्या भरल्या पाण्याकडे बघत तासन् तास बसायची. एकाने हे पाणी पिता येतं का म्हणून विचारलंही. खारट आहे असं कळल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

ही टाकी सांभाळायच्या एक मावशी. अकरा वर्षं रोजंदारीवर कचेरी झाडत होत्या. आमच्याच वस्तीतल्या, माझ्या आईच्या ओळखीच्या. साहेबांना माशांची हौस होती, पण हात ओले करायची नव्हती. त्यामुळे मीठ कालवणं, काच पुसणं, दाणा टाकणं हे सगळं झाडूबरोबर मावशींकडे आलं.

मे महिन्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. कचेरीच्या बडेबाबूंनी चष्मा वर करून पाहिलं आणि निदान केलं की माशांना देवी आल्या आहेत. आमच्याकडे अंगावर फोड उठले की डॉक्टर नाही, कडुलिंब आणतात. औषध दिलं तर कोप होतो. बडेबाबूंनी केबिनच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधला, टाकीत मूठभर पाला सोडला आणि दहीभाताचा नैवेद्य स्टुलावर ठेवला. चौथ्या दिवशी ठिपके गेले. बडेबाबूंनी कचेरीत साखर वाटली. आठवड्याने ठिपके दुप्पट होऊन परत आले आणि दोन मासे उलटे तरंगले.

साहेब मावशींना म्हणाले, राहिलेले तीन मेले तर उद्यापासून येऊ नका. बडेबाबूंना काही म्हणाले नाहीत, कारण देवीवर कारवाई करायची सोय नियमात नव्हती.

मावशी माझ्याकडे आल्या. मी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गोचीड, खुरकूत, अडलेली म्हैस, ही माझी विद्या. मासा मी फक्त ताटात तपासला होता. मावशी म्हणाल्या, "जनावरच हाय की डॉक्टरसाहेब. बघा तरी."

गेलो. आमच्या घरातून देवीला माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतानाच निरोप दिला होता, त्यामुळे कोपाची भीती नव्हती. डहाळा काढला. मासे दगडाला अंग घासत होते आणि त्यांचे कल्ले भराभर हलत होते. हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, ठिपके मिठाच्या कणासारखे आहेत की पिठासारखे? कणासारखे, म्हणालो. त्या दोन मेलेल्यांपैकी ताज्या माशाचा कल्ला खरवडून दवाखान्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एक गोल, केसाळ जीव सावकाश गरगरत होता. मावशींनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "ह्ये तर मजेत फिरायलंय."

दुकानदाराने मग सगळं उलगडून सांगितलं. हा किडा माशाचं अंग खाऊन फुगतो, तीन-चार दिवसांत गळून टाकीच्या तळाला जातो आणि तिथे शेकड्याने पिल्लं काढतो. म्हणजे बडेबाबू साखर वाटत होते तेव्हा खाली बाळंतपणं चालली होती. मोरचुदाचंही औषध होतं, पण माप चुकलं की मासाच जातो, आणि असं माप घेण्याची साधनं आमच्या दवाखान्यात कधी आलीच नाहीत. राहिला दुसरा उपाय. दर तीन दिवसांनी मासे नव्या पाण्याच्या स्वच्छ टबात हलवायचे. असं चार वेळा. जुना टब धुऊन कडक उन्हात वाळवायचा. मूळ टाकी दीड-दोन महिने माशांविना ठेवायची, म्हणजे किडा उपाशी मरतो.

ऊन मुबलक होतं. अडचण पाण्याची. एका टबाला चार घागरी लागायच्या. साहेबांनी टँकरवाल्याला दम भरला आणि दोन खेपा निभावल्या. इकडे रिकामी टाकी त्यांना बघवेना, म्हणून बडेबाबूंनी जत्रेतले प्लॅस्टिकचे मासे आणून सोडले. भेटायला आलेल्या एका पुढाऱ्याने त्या माशांच्या तब्येतीचं कौतुक केलं.

तिसऱ्या खेपेला टँकर आलाच नाही. सकाळी मी पोचलो तर टबाशेजारी चार घागरी भरून ठेवलेल्या. दोन पितळी, दोन स्टीलच्या. त्या कुठून आल्या हे मी विचारलं नाही. मावशींच्या घरी सहा माणसं होती आणि त्यांच्या गल्लीत दहा दिवसांनी पाणी यायचं. मला लाज वाटली, आणि तरीही मी त्यात मीठ कालवलं.

तेराव्या दिवशी तिन्ही मासे स्वच्छ. साहेबांनी मला शाल दिली. काय हवं ते मागा म्हणाले, तेव्हा मी मावशींसाठी कागद मागितला. अकरा वर्षांत त्यांच्या नावाचा एकही आदेश नव्हता. तुम्ही अहवाल द्या, मी आदेश काढतो, असं साहेब म्हणाले. मी रात्र जागून झकास अहवाल लिहिला. या बाईंशिवाय हे मासे जगणे अशक्य, त्यांच्या देखभालीसाठी बाई अत्यावश्यक. आदेश निघाला. मावशींनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला आणि मला घरी बोलावून गोडाचं जेवू घातलं.

जिल्हा काही झाला नाही. पावसाळ्यानंतर साहेबांची नांदेडकडे बदली झाली आणि टाकी जीपमध्ये बसून त्यांच्यामागे गेली. नवे साहेब सरळ माणूस, कागदाला कागद लावून बघणारे. त्यांनी आदेश वाचला, टाकी कुठे आहे ते विचारलं आणि खाली शेरा मारला: मासे नाहीत, सबब काम संपले. मी विनवायला गेलो, तर त्यांनी माझाच अहवाल माझ्यापुढे ठेवला. खाली माझी सही होती, अगदी ठसठशीत.

मावशी बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "मी अकरा वर्सं झाडत बी होते. त्ये लिवायचं राहिलं व्हय?"