कोंबड्याच्या वाट्याचा खुबूस

इथे आखातात नवऱ्याची अहमदीतली नोकरी गेली तेव्हा सुरुवातीला तो रोज दाढी करून बसायचा. नंतर तेही सुटलं. मी हॉस्पिटलात नर्स. लांबलचक ड्यूटी, जाता-येता बस आणि घरी पोचले की सोफ्यावर हा. इमारतीत भेटेल तो एकच विचारायचा, "काही जमलं का?" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसायचं, पण उत्तर याला द्यावं लागायचं. मग हा लिफ्ट रिकामी असेल तरच खाली जायला लागला. पुढे पुढे जाईनासाच झाला. माझी चिडचिड व्हायची आणि चिडायलाही अंगात त्राण लागतं, ते मी वॉर्डातच संपवून यायचे.

एका शुक्रवारी तो जुन्या बाजारात खुर्ची आणायला म्हणून गेला आणि गुलाबी रंगात बुडवलेलं कोंबडीचं पिल्लू घेऊन आला.

"ही खुर्ची?" मी विचारलं.

"सगळी उन्हात मरत होती गं," तो म्हणाला. "हे एक उड्या मारत होतं."

रंगवलेली पिल्लं जगत नाहीत असं मी ऐकून होते, म्हणून भांडले नाही. पण ते जगलं. गुलाबी रंग उतरला आणि खालून चांगला थोराड पांढरा कोंबडा निघाला. नवऱ्याने वॉचमनला पटवून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुराडं मांडलं. आता आरवण्यावरून फिंतासच्या या इमारतीतून आपली हकालपट्टी होणार, असं मी धरून चालले होते.

झालं भलतंच. इथे शिळा खुबूस, म्हणजे इथला रोटीसारखा चपटा पाव, कोणी कचऱ्यात टाकत नाही. पिशवीत बांधून डब्याशेजारी वेगळा ठेवतात, अन्नाचा अपमान नको म्हणून. आपल्याकडेही ताटात काही टाकलं की आई डोळे वटारायची, त्यामुळे मला ते कधी परकं वाटलं नाही. गच्चीवर कोंबडा आहे हे कळल्यावर साऱ्या इमारतीची सोय झाली. डब्याशेजारच्या पिशव्या आमच्या दाराशी यायला लागल्या. तळमजल्यावरच्या रत्नागिरीच्या चाची भाकरीचे तुकडे द्यायच्या. समोरचे इजिप्तचे म्हातारे मास्तर तर रोज संध्याकाळी स्वतः बेल वाजवून खुबूस हातात द्यायचे आणि विचारायचे, "दीक कुवैस?" म्हणजे कोंबडा बरा आहे ना?

या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे असायचं. भरपूर असायचं. मोडक्यातोडक्या अरबीत तो कोंबड्याचे पराक्रम सांगायचा आणि मास्तर दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचे. "काही जमलं का" हा प्रश्न इमारतीतून कधी गेला ते कळलंच नाही. नवरा पुन्हा दाढी करायला लागला. मी मनातल्या मनात त्या कोंबड्याचे उपकार मानले, मोठ्याने म्हटलं नाही.

मग एका सकाळी कोंबडा आरवला नाही. मी ड्यूटीला निघाले होते, तर नवरा त्याला छातीशी धरून जिन्यातून खाली आला. कोंबड्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी हवी. ती टम्म फुगली होती. हात लावला तर आत पाणी हललं. चोच उघडली आणि आंबलेल्या पिठाचा भपकारा आला.

संध्याकाळी आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे शेजारी डोळे झाकलेला ससाणा घेऊन एक गृहस्थ बसले होते आणि आमच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कोंबडा. हसू यावं असा प्रसंग होता, पण मला झोप येत होती. डॉक्टरांनी पिशवी चाचपली, चोचीचा वास घेतला.

"खायला काय घालता?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"सब घरों का," नवरा अभिमानाने म्हणाला. "खुबूस, रोटी, सब."

पाव ओला होऊन आत फुगतो, खाली सरकत नाही, तिथेच आंबतो, असं डॉक्टरांनी समजावलं. औषध दिलं. पाव पूर्ण बंद. उशीर झालाय, हेही सांगितलं.

घरी आलो तर दाराच्या कडीला दोन पिशव्या. नवऱ्याने त्या आत घेतल्या. दुसऱ्या दिवशीही घेतल्या. कोंबड्याला एक तुकडा घातला नाही, पण घ्यायचं थांबवेना. ओट्यावर पावांचा ढीग, ढिगाला मुंग्या. ड्यूटीवरून येऊन मी ते पाहिलं आणि माझा तोल गेला.

"नको म्हणून सांगता येत नाही तुला? ह्यानेच मरतोय ना तो?"

तो मुंग्या पुसत राहिला. मग म्हणाला, "नको म्हटलं तर बेल कोण वाजवणार?"

मला त्याचा राग आला, कीव आली आणि सगळ्यात जास्त थकवा आला. मी फडकं घेतलं आणि उरलेल्या मुंग्या पुसल्या.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी कोंबडा गेला. मी सिरिंजने औषधाचे थेंब सोडत होते, याने मान धरली होती. मान याच्या मनगटावर कलंडली. मला कळलं, पण मी आणखी एक थेंब सोडला, कारण नवरा माझ्याकडे बघत होता. मग सिरिंज खाली ठेवली.

"मीच घातलं खायला," तो म्हणाला.

"सगळ्यांनीच घातलं," मी म्हटलं. त्याला ते पुरलं नाही. मलाही नाही.

मागच्या मोकळ्या जागेत वाळू उकरून आम्ही त्याला पुरलं. वर येऊन नवरा हात धुवायला गेला, तो बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. मी जमिनीवर बसून होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात मास्तर. हातात पिशवी. "दीक कुवैस?"

मी मान हलवली आणि हाताने सांगितलं, संपलं. चोरी पकडली गेल्यासारखी मास्तरांनी पिशवी पाठीमागे घेतली आणि आपल्या दाराकडे वळले. आपल्या खुबुसाने काय केलं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मी तर सांगणारच नव्हते. मला फक्त दिसत होतं की पिशवी परत चालली आहे. ती आज गेली की उद्या येणार नाही.

"खल्ली, उस्ताद, खल्ली!" ओल्या हातांनी नवरा बाहेर आला होता. राहू द्या, राहू द्या.

मास्तर थांबले. "लिमीन?" कोणासाठी?

नवऱ्याने ओला हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"अना," तो म्हणाला. मी.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी पुढे केली. ती मी घेतली. नवरा दारातच उभा राहून त्यांना काहीतरी सांगायला लागला, बहुधा कोंबड्याचं दुखणं. मी आत येऊन तवा तापत ठेवला. सकाळचं वरण होतं. पोळ्या करायचं त्राण तसंही माझ्यात नव्हतं.