खोड विचारून घेतलेला कॅमेरा

जुना कॅमेरा घ्यायला वडलांना बरोबर नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मला गाडीला किक मारतानाच कळत होतं. पण ते खांद्यावर उपरणं टाकून मागं बसूनसुद्धा मोकळे झाले होते. "जुनी वस्तू एकट्यानं घ्यायची नसती," एवढंच म्हणाले. पंचाहत्तरीच्या माणसाला खाली उतरा कसं म्हणणार? आमच्या रिहे गावातनं निघालो, पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये माझं डोकं तापलं, ते लवळ्याचा चढ लागल्यावर कुठं जरा निवळलं.

वडलांनी अख्ख्या खोऱ्याला बैल घेऊन दिलेत. बाजाराच्या दिवशी लोक त्यांना न्यायला घरी यायचे. दात बघून ते वय सांगायचे, चार पावलं चालवून खोड सांगायचे. आता कुणाच्याच दावणीला बैल नाहीत, भाताची चिखलणी पॉवर टिलरनं होते. वडलांना काही विचारायला कुणी येत नाही. चहा पिऊन ओसरीवर बसायचं, एवढंच काम राहिलंय.

खोल्या भाड्यानं द्यायच्यात, त्यांचे फोटो काढायला कॅमेरा हवाय, असं मी घरात सांगितलं होतं. थाप होती ती. खरं कारण भिंतीवर टांगलेलं होतं. आई गेली तेव्हा तिचा एकटीचा, धड असा एक फोटो सापडला नाही. माझ्या मोबाइलमध्ये होते ते लावणीच्या चिखलात मोबाइलबरोबरच गेले. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. डोळे वटारलेले, ओठ आवळलेले. माझी आई अशी कधीच दिसत नव्हती. येता-जाता त्या फोटोकडं नजर गेली की मला माझाच राग येतो. निदान वडलांचं तरी तसं होऊ द्यायचं नव्हतं. पण बापाला तोंडावर कसं सांगायचं, की आबा, तुम्ही आहात तोवर तुमचा एक चांगला फोटो काढून ठेवायचाय?

कॅमेरा विकणारी मुलगी लवळ्यातल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये वाट बघत होती. नाशिककडची, शिक्षण संपवून हॉस्टेल सोडायच्या बेतात. मी चार व्हिडिओ बघून सगळं घोकून गेलो होतो. शटर किती वेळा पडलंय, सेन्सरवर डाग आहेत का, लेन्सला बुरशी लागलीय का. मी तोंड उघडायच्या आत वडलांनी विचारलं, "खोड काय हाय त्याची?"

मी कपाळाला हात लावला. मुलगी मात्र हसली नाही.

"आजोबा, लेन्सचा ऑटोफोकस अडकतो. हातानं रिंग फिरवावी लागते. बाकी काही नाही."

"मग इकायला कशापाई काढलास?"

"नवा कॅमेरा घेतला ना. दोन-दोन कुठं सांभाळू?"

वडील माझ्याकडं वळले. "घे. खोड सांगून इकणारा फशिवत न्हाई."

आणि मग त्यांनी उपरण्याआडून हात पुढं केला. बैलबाजारातला सौदा असाच व्हायचा. भाव तोंडानं बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा. तिला बिचारीला काय ठाऊक! तिनं सरळ त्यांचा हात हातात घेतला आणि दोनदा हलवला. वडील क्षणभर गोंधळले, मग दात नसलेलं तोंड भरून हसले. मी भाव पाडायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "हात मिळाला. आता घासाघीस न्हाई." तिनं सांगितले तेवढे पैसे मी गपगुमान दिले. परतताना गाडीवर माझी धुसफूस चालू होती आणि ते मागं कॅमेऱ्याची पिशवी पोटाशी धरून खुशीत बसले होते.

रविवारी सकाळी ओसरीवर चांगला उजेड होता. मी कॅमेरा काढला आणि होईल तितक्या सहज आवाजात म्हणालो, "आबा, बसा जरा. चालवून बघतो."

ते आत गेले. मला वाटलं, धुतलेला सदरा घालून येतील. आले ते आईची फ्रेम भिंतीवरून उतरवून, काच उपरण्यानं पुसत. ती त्यांनी खुर्चीवर ठेवली, उजेडाकडं तोंड करून.

"हिचा काढ आदी."

"फोटोचा फोटो कशाला, आबा?"

"मोठा कॅमेरा हाय न्हवं? ह्यात नीट यील ती. हासायची तशी."

पंचाहत्तरीत माझ्या मागं बसून लवळ्यापर्यंत हा माणूस कशासाठी आला होता, ते मला तेव्हा कळलं. खोटं बोलावं असंही एकदा मनात आलं, पण ते धकणार नव्हतं.

"आबा, समोर जे असतं तेवढंच येतं यात. आहे तसंच."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातातनं घेतला, उलटासुलटा करून बराच वेळ बघितला. मग मला परत दिला आणि आईची फ्रेम उचलून, खुर्चीत बसून, मांडीवर घेतली.

"ही खोड त्या पोरीनं सांगितली न्हाई," ते म्हणाले.