लिपस्टिकच्या भरवशावर

माझी आई परदेशात माझ्याकडे, शुगर लँडमध्ये, एका लग्नासाठी थांबली होती. वधूवर तिला ओळखत नव्हते, आणि ते टीव्हीतून बाहेर येऊन तिच्या पाया पडण्याची शक्यता कमी होती.

जळगावहून आलेल्या आईला इथे आठवड्याभरात कंटाळा आला. चालत जाण्यासारखं काही नाही (दूध आणायलासुद्धा हायवे लागतो), आणि मी व मिलिंद, म्हणजे माझा नवरा, दिवसभर आपापल्या लॅपटॉपला चिकटलेले. शेवटी तिनेच कुंपणापलीकडच्या एल्विराबाईंशी ओळख काढली. एल्विराबाई मेक्सिकोच्या, वयाने आईएवढ्या, इंग्रजीत आईपेक्षाही कच्च्या. दोघी रोज दुपारी त्यांच्या सोफ्यावर बसून स्पॅनिश मालिका बघायला लागल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी स्पॅनिशमध्ये, आणि दोघींचं एकमत व्हायचं.

"आई, तुला त्यातलं कळतं काय?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? ही वेणीवाली मोलकरीण. सोशीक आहे. इतकी रडते, पण काजळ पसरत नाही. मालकाच्या मुलाशी तिचं जमलंय. आणि ही लाल लिपस्टिकवाली, हिचा त्याच्यावर डोळा. केस मोकळे सोडून फिरते, म्हणजे वाईटच असणार."

नावं काही तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने दोघींचं बारसंच केलं: सोशीक आणि लिपस्टिक.

मी चार पुस्तकं वाचलेली बाई. मी तिला समजावलं, की या मालिकांमध्ये बायकांचे तीनच साचे असतात: रडणारी, कट करणारी आणि काठी आपटत शाप देणारी सासू. लिपस्टिकला मोठं ऑफिस आहे, पण ती तिथे खिडकीतून बाहेर बघण्यापलीकडे काही करत नाही. हे बायकांचं चित्रण आहे का?

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "झालं? जाहिराती संपल्या," ती म्हणाली.

खरं तर आई महाशिवरात्रीच्या आधी परत जाणार होती. पण तिने जाहीर केलं, "सोशीकचं लग्न लागलं की जाईन. अक्षता टाकल्याशिवाय मांडवातून उठू नये."

"आई, त्यांच्यात अक्षता नसतात," मिलिंद म्हणाला.

"मग तर थांबायलाच हवं. कुणीतरी टाकायला नको?"

इथे माझं मन फिरलं. कितीतरी वर्षांनी घरात कुणी 'किती वाळलीस गं' म्हणत होतं (वजनकाट्याचं मत वेगळं होतं). मीटिंग चालू असताना मागून फोडणीचा वास यायचा आणि मी कॅमेरा बंद करून नुसती बसून राहायचे. मी ज्या खोलीतून बाहेर पडेन तिथले दिवे ती माझ्यामागून मालवत यायची. लग्न लांबलं, तर हे सगळं लांबणार होतं. आणि लग्न लांबवणारी त्या मालिकेत एकच बाई होती.

मी लिपस्टिकच्या बाजूने झाले. दुपारी मीही त्या दोघींच्या मधे सोफ्यावर बसायला लागले.

तिने मला निराश केलं नाही. आधी तिला खोटे दिवस गेले. मग तिने नवऱ्यामुलाच्या गाडीचे ब्रेक कापले. तो वाचला, पण त्याची स्मृती गेली. दर वेळी लग्न पुढे, आणि आईचं तिकीटही पुढे. गुढीपाडवा आम्ही इथेच केला.

"तू व्हिलनला सपोर्ट करतेस?" मिलिंदने विचारलं.

"अख्ख्या मालिकेत प्लॅनिंग करून काम करणारी ती एकटीच आहे," मी म्हणाले.

पण एकदा ऑफिसचा एक महत्त्वाचा रिव्ह्यू आला आणि माझा एक भाग चुकला. नेमक्या त्या भागात लिपस्टिकला उपरती झाली आणि ती जोगिणींच्या मठात निघून गेली. हे मला कुणी सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी आई पैठणी नेसली. वाटीत कुंकू लावलेले तांदूळ घेतले, मूठभर एल्विराबाईंच्या हातात दिले. मी मीटिंग कॅन्सल करून मधे बसले. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी काहीतरी विचारलं, बहुधा कुणाची हरकत आहे का, आणि सगळे दाराकडे बघायला लागले. मीही बघितलं. दार उघडेना. आता येईल, मग येईल. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं, आणि मी उठून टीव्हीसमोर उभी राहिले.

"थांबा," मी म्हणाले. "अजून थोडं थांबा."

तोवर आईच्या हातून अक्षता सुटल्या होत्या. त्या माझ्यावर पडल्या. ते बघून एल्विराबाईंनीही आपली मूठ माझ्याच डोक्यावर मोकळी केली. अशा रीतीने माझं दुसरं लग्न लागलं, या वेळी नवऱ्याशिवाय.

"बाजूला हो," आई म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मी जायला नकोय का तुला?"

"तसं नाही, म्हणजे सध्या कामाचं जरा…"

"हो की नाही?"

"हो."

"मग तोंडाने सांगावं. त्या बिचारीला कशाला राबवलंस?" तिने माझ्या केसांतले तांदूळ वेचायला घेतले. "पण जायला हवं गं. तुझे बाबा खाणावळीचा डबा खातायत आणि फोनवर छान आहे म्हणतात. म्हणजे हाल आहेत."

आणि ती गेली.

परवा फोनवर मी विचारलं, "तिकडच्या मालिका बघतेस की नाही?"

"दोन दिवस बघितल्या. मग सोडल्या. सगळंच्या सगळं कळतं गं, कसं बघवेल?"

मी मात्र अजून दुपारी एल्विराबाईंच्या सोफ्यावर जाऊन बसते. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून मोबाईलवर स्पॅनिश शिकायला घेतलं होतं. पण धडे सुरू झाले न झाले तोच सोडून दिलं. भाषा आली, की त्या मला विचारणार, तू रोज इथे कशाला येतेस. आणि मग मला तोंडाने सांगावं लागेल.