तिसरं पोतं

इंदूकाकू कुणालाही "जपून जा" असं म्हणत नसे. ती उठायची, पदर खोचायची आणि जाणाऱ्याच्या गाडीभोवती एक फेरी मारायची. चाकाला लाथ, दोरीला हिसका, सीटवर थाप. मनासारखं असलं तर "हं, जाय." नसलं तर "उतर खाली." मग तो घरचा जावई असो की गावचा सरपंच, उतरावंच लागे. मला लहानपणी या प्रकाराची भारी लाज वाटायची. अकोल्याच्या मैत्रिणींना घेऊन गेले की मी आधीच सांगून ठेवी, "आमची काकू जरा तशीच आहे."

काका-काकूंचा बार्शीटाकळीत फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. माझे वडील अकोल्यात मास्तर, त्यामुळे सुट्टी लागली की मी मळ्यावर. भास्करकाका मोटरसायकलवर फुलांची पोती बांधून अकोल्याच्या बाजारात न्यायचा. पोती दोनच, दोन्ही अंगाला एकेक. तिसरं पोतं वर टाकायचं नाही, हा काकूचा कायदा. "वरचं पोतं पाठीत बसते अन हँडल हलकं होते," ती सांगायची. "फुलाले वजन नसते असं ज्याले वाटते, त्यानं ओलं पोतं उचलून पाहावं."

एकदा अकोल्याचे एक वकील सत्यनारायणासाठी फुलं न्यायला आले. स्कूटरच्या हँडलला पिशव्या, पायाशी पोतं, मागे बायको आणि बायकोच्या कवेत केळीचे खांब! काकूनं फेरी मारली आणि आधी खांब उतरवले, मग पोतं, मग वकिलीणबाई. वकील तापले. "अहो बाई, मी वीस वर्षं गाडी चालवतो!"

"तुमी नाई, तुमचं नशीब चालवून राहिलं वीस वर्षं," काकू म्हणाली. "कोर्टात तुमचं चालत असंल, माह्या दारात दोरीचं चालते. बाईले ऑटोत बसवा."

वकिलीणबाई खांबांसकट ऑटोत बसून गेल्या. पुढे दर सणाला त्या काकूसाठी साडीचोळी घेऊन येत.

आता ते सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दुपार होती. मी बावीस वर्षांची, तोडणीच्या मदतीला म्हणून गेलेली. काकू मळ्यात बायांबरोबर फुलं तोडत होती. काकाची आई, म्हणजे माझी आजी, आत्याकडे गेलेली, त्यामुळे घरी मी आणि काका दोघंच. पोती तीन भरली होती. दोन काकानं न्यायची आणि तिसरं मी माझ्या स्कुटीवर, असं सकाळीच ठरलं होतं. पण मला संध्याकाळी मैत्रिणींबरोबर गरब्याला जायचं होतं. पोतं घेऊन बाजारात गेले असते तर तिथंच अंधार पडला असता, कपडे चिखलाचे झाले असते. मी म्हटलं, "काका, तिसरं वर बसतं की! मी बांधते."

काका हसला. "तुह्या काकूनं पाह्यलं तर दोघायलेही झोडपंल." पण त्यानं गाडी धरली आणि मी तिसरं पोतं वर चढवून दोरी आवळली. चांगली घट्ट आवळली, असं मला वाटलं होतं.

गावाबाहेरच्या वळणावर ते पोतं एका अंगाला घसरलं. गाडी कलंडली. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याचा काही दोष नव्हता, बिचारा रस्त्यावर बसून रडत होता म्हणे. काका दवाखान्यापर्यंतही पोचला नाही.

तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. आजी भिंतीला टेकून बसलेली. आत्यानं अचानक विचारलं, "या घरातून दोनावर पोतं कधी जात नोतं. मंग तिसरं कोणं बांधलं?"

घरी मी आणि काकाच होतो, हे काकूला ठाऊक होतं. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "म्या बांधलं. मळ्यातून आली होती मधात."

मी गप्प बसले. घाबरले होते, लहान होते, सगळं खरं. पण गप्प बसले ते बसलेच. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा वर्षं!

या सहा वर्षांत त्या घरानं काकूला काय काय ऐकवलं! आजीनं तिच्याशी बोलणं टाकलं. काही हवं असलं तर ती भिंतीला सांगायची. आत्या दिवाळीला यायची आणि काकूच्या हातचा फराळ डब्यात तसाच ठेवून जायची. आणि गाव? काकू पूर्वीसारखीच गाड्यांभोवती फेऱ्या मारत राहिली, तेव्हा लोक तोंडावर म्हणायचे, "नवऱ्याले तिसरं पोतं बांधून देल्लं, अन आमाले शिकवते!" काकू ऐकून घ्यायची आणि दोरीला हिसका द्यायची. "ढिली हाय. सोडून बांध." माणूस चिडून का होईना, सोडून बांधायचा. मी तिच्या जागी असते तर पुन्हा जन्मात कुणाच्या गाडीकडे पाहिलं नसतं.

माझं लग्न झालं, अमरावतीला संसार थाटला, एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला लागले. मुलगी झाली तेव्हा काकू चार दिवस राहायला आली. एका दुपारी ती बाळाला तेल लावत होती. मला एकदम सहन होईना. मी म्हटलं, "काकू, मी आजीला फोन करून खरं सांगते."

तिचे हात थांबले नाहीत. "फोनवर नाई. समोर जाऊन सांग."

मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. थोर बायका नको म्हणतात, असं आपण समजतो ना! मी विचारलं, "तू तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

"बावीसची होती तू. या पोरीनं काकाले खाल्लं, असं एकदा तोंडोतोंडी झालं असतं तर तुहं काय झालं असतं? माहं तर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

"आणि राग नाही आला?"

"आला ना! काहून नाई येणार? वर्षभर तुह्या तोंडाकडे पाहावत नोतं मले. पण सांगायचं ते तुनंच सांगायचं होतं, पोरी. म्या तुह्या तोंडून काढलं असतं तर ते पोलिसासारखं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं बार्शीटाकळीला निघालो. आजीसमोर बसले आणि सगळं सांगितलं, गरब्यासकट. आजी सहा वर्षांत पहिल्यांदा काकूकडे वळली. "अन तू? काहून सोसलं एवढं?"

"तुमचं पोरगं गेलं होतं, आई. कोणावर तरी रागवल्याशिवाय तुमी जगल्या नसत्या. मी जवळ होती, माह्यावर रागवल्या."

आजी भिंत धरून उठली. ऐंशीच्या पुढची बाई, मोरीपर्यंत जायला आधार लागायचा. ती काठी घेऊन गल्लीत उतरली आणि शेजारच्या दारात उभी राहून ओरडली, "ऐका वो! तिसरं पोतं माह्या सुनेनं नोतं बांधलं!"

काकू मागे धावली. "आई, पोरीचं नाव घेऊ नका. लेकीची माय हाय ते आता!" शेजारीण बाहेर आली. "मंग कोणं बांधलं वो?" आजी घुटमळली. काकूनं तिचा दंड धरला होता. मी पुढे झाले आणि माझं नाव सांगितलं. मग पुढच्या दारात सांगितलं, त्याच्या पुढच्या दारात सांगितलं. गल्ली संपेपर्यंत आजी ओरडत होती आणि मी नाव सांगत होते.

परतलो तेव्हा काकू आमच्या आधीच घरी गेली होती. आतल्या खोलीचं दार लावलेलं. आतून रडण्याचा आवाज येत होता, मोठ्यानं, काकाच्या नावानं. नवरा जिच्यामुळे गेला असं घर मानतं, तिला त्याच घरात त्याच्यासाठी मोकळं रडताही येत नाही, हे मला तोवर कळलंच नव्हतं. मी दार वाजवायला गेले तर आजीनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. "रडू दे तिले. तिचा नवरा गेला ना वो."