पूजेतून उठवलेली हत्यारं

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या अंगणात झेंडूचा आणि डिझेलचा वास एकत्र दरवळतो, आणि गेली कित्येक वर्षं मी त्यालाच सणाचा वास समजत आले. पाऊस ओसरलेला असतो, पाथर्डीकडच्या आमच्या कोरड्या पट्ट्यात डोंगरांना हिरवं म्हणता येईल असे तेवढेच काही दिवस असतात, आणि आश्विनातलं ऊन इतकं निर्मळ असतं की अंगणातली साधी बादलीसुद्धा नुकतीच घासून ठेवल्यासारखी दिसते. त्या उन्हात माझा धाकटा भाऊ बापू आपली जुनी पिकअप धुऊन उभी करतो. वरून पाणी, खालून डिझेलचा फवारा. चिखलाने राखाडी झालेलं गाडीचं पोट त्या फवाऱ्याने काळंभोर चमकू लागतं आणि बापूच्या चेहऱ्यावर लग्नघरातलं समाधान पसरतं. मी संगमनेरला महाविद्यालयात मराठी शिकवते. नवमी-दसऱ्याला माहेरी येते, ओट्यावर बसून चहा पिते आणि हे कौतुक बघते. हे सगळं शांत चित्ताने लिहायचं असं ठरवून बसले होते, पण ते जमेलसं दिसत नाही, कारण त्या वासाची आठवण आली तरी माझं डोकं फिरतं.

यंदा सकाळीच फुलं आणायला मी बापूबरोबर गाडीतून बाजारात गेले. वेशीजवळच्या गतिरोधकावर पुढच्या चाकाखालून हाडावर हाड आपटावं तसा आवाज आला आणि स्टिअरिंग बापूच्या हातातून डावीकडे सरकलं. त्याने ते सवयीने सरळ केलं, जसं कुणी बोलता बोलता खांद्यावरचा टॉवेल सारखा करतो. हे कधीपासून, असं विचारल्यावर म्हणाला, "लई दिस झालं. जुनी गाडी हाय आक्का, बोलनारच ती." मी त्याला गॅरेजसमोर थांबायला लावलं. मिस्त्रीने पुढचं चाक उचललं, खाली पहार घालून हलवलं, आणि गाडीचं सगळं वजन तोलून चाकाला वळू देणारा तो लोखंडी सांधा, ज्याला ते बॉल जॉइंट म्हणतात, म्हाताऱ्याच्या दातासारखा लुकलुक हलला. दुसऱ्या बाजूलाही तेच. सांध्यावरची रबरी टोपी कुजून लोंबत होती, आतलं ग्रीस कधीच वाहून गेलं होतं आणि त्याच्या जागी आमच्या तालुक्याची धूळ बसली होती.

"डिझेलनं खाल्लंय रबर," मिस्त्री म्हणाला. "दर दसऱ्याला खालून मारता न्हवं का?"

मारतो बापू, पण पंप देतो कोण? तोच. त्याच्याच गॅरेजच्या कोपऱ्यातला, दर सणाला भाड्याने. मी तसं म्हटल्यावर तो मुळीच ओशाळला नाही. "गिऱ्हाइकाला चमक पायजे ताई, आमी काय करनार?" आणि मग, त्याच दमात, "आता टोळी सोडून या. आल्यावर बदलू."

इथे मला सांगितलं पाहिजे की टोळी म्हणजे काय, कारण माझा राग तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं लुटून झालं की बापूच्या गाडीतून आमच्या गावची माणसं ऊसतोडीला निघणार होती. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात, म्हणजे दोन माणसं मिळून एक हत्यार. अशी जोडपी, त्यांची लेकरं, अंथरुणं, पत्र्याच्या पेट्या, पाटा-वरवंटा, टोपलीखाली कोंबड्या. हे सगळं एका पिकअपच्या हौद्यात चढणार, घाट उतरणार आणि पार दुसऱ्या जिल्ह्यात जाणार, त्या दोन लुकलुकत्या सांध्यांवर. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. बापूलाही ठाऊक होतं. दोघेही तंबाखू मळत उभे होते.

सांधा तुटला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. नाशिक-पुणे रस्त्यावर, संगमनेरच्या अलीकडे, एक पिकअप गुडघा मोडलेल्या बैलासारखी पुढे वाकून पडली होती. पुढचं चाक तिच्याखाली आडवं झालेलं, टोमॅटोची क्रेट्स रस्ताभर फुटलेली, आणि त्या लाल चिखलात ड्रायव्हर आपली एक चप्पल शोधत होता. माल होता म्हणून निभावलं, असं जमलेले लोक म्हणत होते. माल होता म्हणून! त्या वेळी मी सुटकेचा निःश्वास टाकून पुढे गेले होते. बापूच्या गाडीत माल नसणार होता.

मिस्त्रीला मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काम करा. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. गॅरेजमधली सगळी हत्यारं फळीवर मांडून, हळदीकुंकू वाहून, वर झेंडूची माळ घातलेली होती. "बसवलीत ताई. आता परवाच्या सकाळपस्तोर हात लावायचा न्हाई." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट मला समजावण्याची एक मायाच होती, आणि तिनेच मी अधिक पेटले. वर्षभर ज्या हत्यारांनी पोट भरतं त्यांना दोन दिवस विसावा द्यावा, त्यांच्यापुढे हात जोडावेत, या कल्पनेवर मी वर्गात भारावून बोलले आहे, आमची संस्कृती किती सहृदय वगैरे. तिथे, त्या तेलकट दारात, मला वाटलं की आपण लोखंडाची पूजा करतो आणि माणसं मात्र त्या लोखंडाच्या भरवशावर सोडून देतो, आणि वर त्यालाच श्रद्धा म्हणतो. मी बापूला सुटे भाग विकणाऱ्या दुकानात नेलं. दुकान उघडं होतं, सणाला विक्रीची मनाई नसते. दोन्ही बाजूंचे वरचे-खालचे मिळून नवे चार बॉल जॉइंट घेऊनच आम्ही घरी आलो. वाटेत मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो एवढंच म्हणाला, "आक्का, गाडी आज उघडली आन् उद्या जोडता न्हाई आली, तर टोळीचा मुकादम दुसरी गाडी बघंल." मी म्हटलं, बघू दे.

घरी आईने तोवर पूजा मांडली होती. देवघरासमोर पाट, पाटावर बापूचे पाने, हातोडा, जॅक, आणि शेजारी आमची विळी-खुरपीसुद्धा, सगळ्यांवर कुंकवाची बोटं. धुपाचा निळसर धूर खिडकीतून आलेल्या उन्हात तरंगत होता, आणि ते दृश्य इतकं सुंदर होतं की मला त्याचाही राग आला. मी सरळ जाऊन हातोडा उचलला. पंचाहत्तरी ओलांडलेली माझी आई सोवळ्याओवळ्याची नाही, पण मांडलेली पूजा तिने कधी मोडू दिली नव्हती. मी तिला बाजारात पाहिलेलं सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाली, "उचल. पन आदी हात जोड त्यास्नी. आन् काम झाल्यावर पुसून पुन्ना हितंच ठिवायचं." मी हात जोडले. रागावलेल्या माणसाचे हात जसे जुळतात तसे.

मग ऐन दुपारी अंगणातल्या चिंचेखाली आम्ही बहीण-भाऊ त्या गाडीला भिडलो. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं चाक काढलं, चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या लोखंडी दांड्याला, म्हणजे आर्मला, दुसऱ्या जॅकचा आधार दिला. हे सगळं बापूला येत होतं, चांगलं येत होतं, आणि येत असून त्याने केलं नव्हतं याचा मला आणखी संताप. डिझेलचे ओघळ माझ्या कोपरापर्यंत आले. पिन काढून नट ढिला केला तरी सांधा सुटेना. इतके दिवस लुकलुकत होता आणि आता निघायची वेळ आली तेव्हा धरून बसला. बापू म्हणाला, बाजूनं ठोकावं लागंल. मी म्हटलं, हातोडा इकडे आण. मी ठोकत राहिले. मिस्त्रीच्या फळीवर ठोकलं, बापूच्या तंबाखूवर ठोकलं, त्या लाल रस्त्यावरून निःश्वास टाकून निघून गेलेल्या बाईवर ठोकलं. बापू बाजूला सरकला. शेवटी बंदुकीसारखा आवाज होऊन सांधा सुटला, आणि जुना गोळा आपल्या वाटीतून माझ्या तळहातावर आला. एका बाजूने पार झिजून चपटा झालेला, अजून चमकत असलेला.

ऊन कलेपर्यंत चारही नवे सांधे बसले. त्या दरम्यान मंदा येऊन गेली. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, आणि यंदा तिच्या कडेवर रांगायला लागलेली मुलगी होती. गाडी उघडी पडलेली बघून ती जागीच थबकली. "उद्या जायचं हाय न्हवं बापूभाऊ?" तिने विचारलं. बापू काही बोलायच्या आत मीच म्हणाले, जायचं आहे, आणि तुझ्या लेकराला घेऊन जायचं आहे म्हणूनच हे चाललंय. तिने मान हलवली, मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि थोडा वेळ नुसती बघत उभी राहिली. तिच्या नजरेत कृतज्ञता आहे असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडलं. पाने पुसून आईच्या पाटावर परत ठेवताना माझा राग पहिल्यांदाच जरा निवाला होता.

दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी आपट्याची पानं देऊन-घेऊन झाली आणि गाडी भरू लागली. पेट्या चढल्या, अंथरुणं चढली, माणसं चढली. बापूने कुणी न सांगता चाकं एकदा हलवून पाहिली, वाटेत नगरला कुणी उघडं असलं तर चाकांची अलाइनमेंट करून घेतो असंही मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मंदा शेवटी आली. मी तिची मुलगी धरली, ती वर चढली, आणि मुलगी तिच्याकडे देताना मी म्हटलं, "आता अजिबात भिऊ नकोस मंदा. गाडी एकदम चांगली झाली आहे. वाटेत कुठे मोडायची नाही."

मंदा हसली. मनापासून हसली, थट्टेत बोलावं तशी म्हणाली, "भ्या कशाचं आक्का? मोडली आस्ती तर आजची रात तरी घरी निजलो आस्तो."

तिने मुलीला मांडीवर घेतलं, डोक्यावरून पदर सारखा केला, आणि गाडी निघाली.