दुपारी रडणारं घर

आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या तेराव्याला मी माझ्या सख्ख्या भावाच्या रडण्याची नक्कल केली. हे लिहितानासुद्धा मान खाली जाते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. नक्कल करायची मला लहानपणापासूनची खोड. अमळनेरला शाळेत हेडसरांची करायचो, सुरतला आल्यावर साड्यांच्या दुकानातल्या शेठची, त्याच्या पान भरलेल्या तोंडासकट. लोक हसले की मला चढायचं. दादा सुरतेजवळच्या सचिन गावात, कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. अण्णा गेल्याचा निरोप त्याला उशिरा मिळाला, आणि तो पोचला तेव्हा आम्ही स्मशानातलं सगळं उरकून परत येत होतो. तो रस्त्यातच खाली बसला आणि हेल काढून, मधेच श्वास अडकून रडला. तेराव्याला जेवणं झाल्यावर मांडवामागे पोरांनी मला चढवलं आणि मी ते हुबेहूब करून दाखवलं. सगळे हसले, मग एकदम गप्प झाले, कारण हात धुवायला दादा मागे आला होता. तो तसाच वळला. वहिनीला आणि पोराला घेऊन गेला, तो परत आलाच नाही.

त्यानंतर सुरतेतलं आमचं उधन्याचं घर रडायला लागलं. मी दुकानात, आई साड्यांचे धागे कापायला जायची, घराला दिवसभर कुलूप. एका दुपारी आई लवकर आली तर बंद दारामागे कोणीतरी रडत होतं. ती तशीच पळाली आणि तापाने पडली. शेजाऱ्यांनी कुलूप उघडून पाहिलं तर आत कोणी नाही. मग अधूनमधून दुपारी गल्लीतल्या बायकांनाही ऐकू यायला लागलं. अण्णांचा जीव घरात अडकलाय, असं जो तो म्हणायला लागला. आम्ही दोन गल्ल्या सोडून काकांच्या खोलीत राहायला गेलो. मी मात्र दुकानात सांगायचो, भुतं रात्री रडतात, आमचं भूत दिवसपाळीवर आहे. हशा मिळायचा. आत मात्र मला त्या घराची अशी भीती बसली होती की त्या गल्लीतून जाणंच सोडलं.

वर्ष सरलं आणि श्रावण आला. आमच्याकडे खानदेशात श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते. रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून रोट करतात आणि ते फक्त भाऊबंदांनी मिळून खायचे. आदल्या वर्षी दुःख होतं म्हणून कानबाई बसली नव्हती. यंदा आईने सांगून टाकलं, बसली तर अण्णांच्याच घरात, आणि तुम्ही दोघं भाऊ शेजारी बसलात तरच. नाहीतर घर विकून ती गावाला मामांकडे निघून जाणार होती. आई चिडून बोलत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिने मला दादाला आणायला पाठवलं. मी सचिनच्या बसमध्ये बसलो आणि अर्ध्या रस्त्यात उतरून परत आलो. त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? आईला म्हटलं, भेटला नाही.

कानबाईला दोन दिवस राहिले असताना आई म्हणाली, निदान घरातलं जातं तरी घेऊन ये. त्या दिवशी मार्केटमधली लाइट गेली, शेठने आम्हाला दुपारीच सोडलं. घराच्या गल्लीत शिरलो आणि पाय थांबले. आतून रडणं येत होतं. आमच्या ओटल्यावर एक बाई टोपली शेजारी ठेवून बसली होती. मोठं कुंकू, हिरवा चुडा, नाकात नथ. मी तिला कधी पाहिली नव्हती. भीती लपवायला मी माझं नेहमीचं केलं, अण्णांसारखा खोकलो आणि म्हणालो, मालक घरी आहेत वाटतं. ती हसली नाही. अहिराणीत म्हणाली, "मझार माणूस रडी ऱ्हायना, नि तू बाहेर काब्र उभा शे? जाय, पानी दे त्याले."

आत माणूस रडतोय, तू बाहेर का, हे तिने अशा सुरात म्हटलं की मी उलट काही विचारलंच नाही. शेजारच्या भाभीकडून तांब्याभर पाणी घेतलं, कुलूप काढलं आणि आत गेलो. अण्णांच्या खाटेला टेकून दादा जमिनीवर बसला होता. खाडीकडच्या मागच्या दाराची जुनी किल्ली त्याच्याकडेच होती, हे आम्ही कोणीच लक्षात घेतलं नव्हतं. त्याच्या कारखान्याची सुट्टी आणि आमची सुट्टी वेगळ्या वारी. सुट्टी असली की तो येऊन बसायचा, कोणाची चाहूल लागली की मागच्या मागे निघून जायचा. ज्या रडण्याची मी हुबेहूब नक्कल केली होती, ते दाराबाहेर ऐकूनही मला ओळखता आलं नाही.

दादाने मला पाहिलं. तोंड पुसलं नाही. म्हणाला, "ये. तेव्हा लांबून ऐकलं होतंस. आता जवळ बसून ऐक, म्हणजे नीट जमेल."

मी तांब्या पुढे केला. एवढंच म्हणालो, "दादा, पाणी घे."

त्याने तांब्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुला अण्णांचं तोंड शेवटचं बघायला मिळालं. मला नाही मिळालं रे." आणि त्याने तांब्या घेतला. पाणी प्यायला. मी त्याच्या पायाशी बसलो. जातं उचलायला मी उठलो तर ते मला एकट्याला हलेना. दादाने न सांगता दुसऱ्या बाजूने हात लावला. तसेच आम्ही दोघं जातं घेऊन काकांच्या खोलीवर, आईच्या दारात गेलो. आई निवडायला घेतलेले गहू बाजूला सारून उठली, दादाकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवना का रे?"

नंतर मी त्या बाईला शोधलं. शेजारची भाभी सगळा वेळ दारातच बसली होती. ती म्हणाली, "ओटले पे तो कोई नहीं था. तू अकेला खड़ा था." मी वाद घातला नाही. ती कोण होती ते मला माहीत नाही, आणि विचारायची माझी लायकीही नाही. मी कानबाईकडे काही मागितलं नव्हतं. उलट मी तर अर्ध्या रस्त्यातून पळालो होतो. तरी तिने मला दारात गाठलं आणि आत पाठवलं.

कानबाई अण्णांच्या घरात बसली. सगळी दारं उघडी होती, रात्रभर बायका गाणी म्हणत होत्या. दादा आणि मी शेजारी बसून रोट खाल्ले. मी तुला माफ केलं, असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. सकाळी तापीवर विसर्जनाला जाताना थोडा वेळ देवीचा पाट माझ्या डोक्यावर होता. मनात आलं, कानबाई आई, माझी ही लाज आता काढून घे. पण शब्द ओठांवर आले आणि मीच थांबलो. म्हटलं, नको, ही राहू दे. बाकी तुला काय ठेवायचं, काय न्यायचं, ते तू बघ.